ढोलकी आणि शास्त्र

आमच्या सावेडीच्या चर्चमध्ये स्वतःचं मत कुणालाच नसतं. जो तो फक्त शास्त्र सांगतो. परवा कमिटीतले एक काका म्हणाले, "उपासनेत ढोलकी वाजवणं शास्त्राला मान्य न्हाई."

पाळकसाहेब म्हणाले, "काका, कुठं लिहिलंय ते जरा काढून दाखवा."

काकांनी लग्नात मिळालेलं, दर रविवारी काखेत मिरवायचं बायबल उघडलं. मी शेजारीच होतो. सोनेरी कडांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, सुटता सुटेनात.

"असंल कुठंतरी. मला म्हाईत हाय!" काका खेकसले.

एवढा भक्कम पुरावा मिळाल्यावर कोण बोलणार? ढोलकी कपाटात गेली.

पुढच्या रविवारी, डफ वाजवून देवाची स्तुती करा, हे बायबलातलं स्तोत्र आम्ही भक्तिभावानं वाचलं. सगळ्यात मोठं 'आमेन' काकांचं होतं.