जावयाची उंच गाडी

गिऱ्हाईक दारात आलं की मिस्तरीच्या कपाळावर आधी आठी पडायची, मग तो गाडीकडे बघायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं पत्र्याच्या छपराचं गॅरेज होतं आणि मागे दोन खोल्यांचं घर. सगळं जग त्याला मिस्तरी म्हणायचं, त्याची बायकोसुद्धा. हात चांगला, जीभ वाईट. "क्लचवर पाय ठेवून झोपता का?" असं तो शाळेच्या हेडमास्तरांना तोंडावर म्हणाला होता. औषधाच्या दुकानदाराला म्हणाला होता, "गाडी पुसण्यात जीव घालवता, त्यातला थोडा ऑइल बघण्यात घालवा." लोक ऐकून घेत. इतर ठिकाणी गोड बोलून काम बिघडवणारे होते, त्यापेक्षा हा परवडला.

पण या सगळ्या गिऱ्हाइकांवर मिळून त्याचा जेवढा राग होता, त्याहून जास्त एकट्या जावयावर होता.

जावई एका मोठ्या दुकानात नळ आणि शॉवर विकायचा. केस नीट, नखं नीट, बोलणं त्याहून नीट. घरात खिळा ठोकायचा तरी माणूस बोलावणारा. एकुलत्या एका लेकीने हे रत्न कुठून शोधून काढलं, हे मिस्तरीला कोडंच होतं. तशी लेकही त्याला फारशी उमगली नव्हती. ती गुरांची डॉक्टर झाली होती. "माणसांची नाही तर नाही, निदान कुत्र्यामांजरांची तरी," तो बायकोला म्हणायचा. "टेबलापाशी उभं राहून काम. हिला नेमक्या गाई सापडल्या!" तरी नोकरी लागली तेव्हा आपली जुनी एसयूव्ही त्याने तिला देऊन टाकली होती. जुन्या घडणीची गाडी: खाली दणकट चासी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, आणि चारही चाकांवर स्प्रिंगचे पोलादी पाटे. दिली लेकीच्या नावाने, पण चालवणार जावई, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

एका सुट्टीच्या सकाळी तीच गाडी घेऊन जावईबापू आले. पांढरी पँट घालून.

"बाबा, गाडी उंच करायचीय."

"जॅक देतो. करा उंच. टायर बसलाय का?"

"तसं नाही हो. कायमची उंच. सस्पेन्शन लिफ्ट आणि बॉडी लिफ्ट, दोन्ही. सगळं सामान आणलंय." त्याने मागचं दार उघडलं. आत जास्त बाकाचे नवे पाटे, लांब शॉक अॅब्सॉर्बर, आणि एका खोक्यात काळे चकचकीत ठोकळे होते.

मिस्तरीने एक ठोकळा उचलला आणि मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला.

"जावईबापू, पाटे बदलले तर गाडीचं पोट जमिनीपासून वर येतं. समजलं. त्यात काहीतरी अर्थ आहे. हे ठोकळे चासी आणि बॉडीच्या मधे जाणार. म्हणजे चासी तिथेच, पोट तिथेच, नुसतं डोकं वर. टोपीखाली उशी ठेवून उंच दिसायचं, त्यातली गत."

"मोठे टायर बसायला जागा होते ना. आणि गाडीला एक अॅटिट्यूड येतो."

"अॅटिट्यूड माणसाला असतो. गाडीला वजन असतं."

आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "अहो, जावई आहेत ते!" त्या चार शब्दांपुढे मिस्तरीचं काही चालत नसे. दुसरा कोणी असता तर सामानासकट रस्त्यावर गेला असता. जावयाला मात्र चहा मिळाला आणि गाडी आत घेतली गेली.

खाली सरकून बघितलं आणि मिस्तरीचं डोकं आणखी फिरलं. चासीच्या आडव्या पट्टीवर ताजे ओरखडे होते. टाकीखालचा पत्रा आत गेला होता, सायलेन्सरचा पाइप एका जागी पायाने चेपलेल्या डब्यासारखा झाला होता. ज्या गाडीला त्याने जन्मात दगड लागू दिला नव्हता, तिची ही दशा.

"कुठे घातली होतीत?"

"असंच... इकडे तिकडे." जावयाने नजर चुकवली.

मिस्तरीला कळायचं ते कळलं. सुट्टीच्या दिवशी खडकांवर गाडी चढवायची आणि फोनवर फोटो काढून मित्रांना पाठवायचे, हे धंदे. नळ विकून विकून मर्दानगी शिल्लक राहत नसेल, ती इथून भरून काढायची. हे सगळं तो मनात म्हणाला. तोंडाने एवढंच म्हणाला, "तो मोठा पाना द्या. तो नव्हे. मोठा म्हणालो."

पाट्यांचं काम निमूट झालं. चासी लोखंडी घोड्यांवर टेकवली, जुने पाटे उतरवले, नवे चढवले, लांब शॉक लावले. ब्रेकचे रबरी पाइप आता अपुरे पडणार होते, तेही त्याने बदलले आणि ब्रेकमधली हवा काढली. जावई पेडल दाबायला बसला होता. "दाबा" म्हटलं की सोडायचा आणि "सोडा" म्हटलं की विचारायचा, "पूर्ण?"

ठोकळ्यांनी मात्र जीव खाल्ला. बॉडीचे बोल्ट इतक्या वर्षांत गंजून चासीशी एकजीव झाले होते. तेल पाजलं, आच दिली, वरून ठोकलं. मागच्या कोपऱ्यातला एक नट आतल्या आत गरागरा फिरायला लागला, तेव्हा सीट काढून खालचा पत्रा कापावा लागला. आपल्याच गाडीच्या अंगाला ग्राइंडर लावताना मिस्तरीने जावयाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण मशीनच्या आवाजात. बॉडी वर गेली तसा स्टिअरिंगचा दांडा तोकडा पडला, त्याला जोड द्यावा लागला. गिअरचा दांडा खाली राहून पत्र्याला घासू लागला. एक काम करावं तर दुसरं उपटायचं. आणि जावई टॉर्च धरून उभा! उजेड नेमका मिस्तरीच्या डोळ्यांत.

"बाबा, दिसतंय ना?"

"मला तारे दिसतायत. तुम्हाला काय बघायचंय ते सांगा."

शेवटी मोठे टायर चढवून गाडी खाली उतरवली. बंपर एकीकडे, बॉडी एकीकडे, आणि मधल्या फटीतून झग्याखालून परकर डोकावावा तशी चासी डोकावत होती. बायको कौतुकाने बघायला आली आणि तिने आत बसायचा प्रयत्न केला. एक पाय वर गेला, दुसरा जमिनीवरच राहिला, आणि ती मधल्यामधे दाराला लटकली. मिस्तरीने स्टूल आणून तिला उतरवलं.

"यात बसायचं की चढाई करायची?" ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने जावयाची बाजू सोडली. मिस्तरीला इतका आनंद झाला की त्याने दुसरा चहा मागितला.

गाडी न्यायला लेक आली, ती थेट कामावरूनच. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बाहीवर वाळलेलं शेण. फरशीवर पाठ टेकून ती सरळ गाडीखाली शिरली. मिस्तरी बघतच राहिला.

खालून आवाज आला, "पाटे मस्त बसलेत. पण हे मधले ठोकळे कोणी सांगितले?"

जावई एकाएकी खोक्यावरचा मजकूर वाचू लागला.

ती बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "मी तुला पाटे सांगितले होते. पाटे आणि शॉक. ठोकळ्यांचं काय काढलंस?"

"छान दिसेल म्हणून... आणि एकाच वेळी होऊन जाईल."

मिस्तरीला नीट ऐकू आलं होतं, तरी त्याने विचारलं, "तू सांगितले होतेस?"

"मग काय हा सांगणार? याला पाटा आणि पोळपाट यातला फरक कळतो का?" ती फडक्याला हात पुसत म्हणाली. "गाडी मीच चालवते, बाबा. हा बसने जातो. ओढ्यापलीकडचे गोठे माझ्याकडे आहेत. ओढ्यात हे एवढाले दगड. दर खेपेला गाडीचं पोट आपटतं. गेल्या महिन्यात मधोमध अडकली. बॅग डोक्यावर घेऊन चालत गेले. गाय अडली होती. मी पोचेपर्यंत गाय गेली, वासरूही गेलं. त्या घरातली म्हातारी मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

मिस्तरीच्या डोळ्यांपुढे चासीवरचे ते ओरखडे आले.

"मग मला सरळ सांगायचंस," तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं होतं. टाकीचा पत्रा पहिल्यांदा चेपला तेव्हा फोन केला होता. तुम्ही म्हणालात, बायकांनी असल्या रस्त्याला जायचंच कशाला, बदली मागून घे. आणि फोन आईकडे दिलात."

तो म्हणाला होता. शब्दन् शब्द. म्हणताना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आताही ते मान्य करायची त्याची तयारी नव्हती. तो जावयावर घसरला. "आणि तुम्ही हो? तोंड शिवलं होतं का? मी वाटेल ते बोलत होतो."

"ते तुम्ही एरवीही बोलता," जावई म्हणाला. आवाजात राग नव्हता, हवामान सांगावं तसं त्याने सांगितलं. "पण माझं काम तुम्ही टाळत नाही. हिचं टाळता. म्हणून मी आलो."

मिस्तरीने आयुष्यात बरीच उलट उत्तरं पचवली होती, हे पचेना. तो गाडीच्या डाव्या बाजूला गेला आणि दार उघडून वर चढला. "चल. चालवून दाखव."

लेकीच्या शेजारी तो पहिल्यांदाच बसत होता. दोष काढायचा असं ठरवूनच बसला होता. ती गिअर हलक्या हाताने टाकत होती, क्लचवरून पाय काढत होती, वळणाआधी वेग कमी करत होती. दोष सापडेना, तशी त्याची चिडचिड वाढली. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर तिने वेग वाढवला आणि पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. खालून हुंकारल्यासारखा आवाज यायला लागला.

"ही थरथर कसली?"

मिस्तरीने क्षणभर डोळे मिटले. चासी वर गेली की चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो आणि त्याचा कोन जुळवावा लागतो, हे त्याला शिकवायला कोणी लागत नव्हतं. जावयाला मनातल्या मनात सोलण्यात तो इतका रंगला होता की तेवढंच करायचं राहून गेलं होतं.

"माझं राहिलं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पाट्याखाली पाचर बसवायला हवी."

ती हसली नाही, आणि त्याबद्दल तो तिचा मनातून आभारी झाला.

ओढ्याशी तिने गाडी थांबवली नाही. पहिल्या गिअरमध्ये टाकून सावकाश आत घातली. मोठाले गुळगुळीत दगड, मधे फेसाळ पाणी. मिस्तरीने सवयीने दात आवळले आणि खालून खण्णकन आवाज यायची वाट बघत राहिला. गाडी डुलली, एका बाजूला कलली, पुन्हा सावरली, आणि पलीकडच्या चढावर ओलीचिंब उभी राहिली. काहीही आपटलं नव्हतं. वर गोठ्याच्या कुंपणाशी एक म्हातारी उभी होती. लेकीने काचेतून हात केला. म्हातारीने हात केला नाही, पण फाटक उघडून बाजूला झाली.

"हीच का ती?" मिस्तरीने विचारलं.

"हीच."

ती बॅग घेऊन गोठ्यात गेली. मिस्तरी गाडीपाशी थांबला. कडेला चिखलात बुटांचे जुने ठसे सुकून दगडासारखे झाले होते, ओढ्याकडून गोठ्याकडे जाणारे. ते लेकीचेच असतील असं नाही. तरी तो त्यांच्यावर पाय न देता उभा राहिला.

पुढच्या सुट्टीला गाडी पुन्हा गॅरेजमध्ये आली. मागच्या पाट्यांखाली पाचर बसली आणि थरथर गेली. ठोकळे काढायचे होते. सगळी बॉडी पुन्हा उचलायची, दांड्याचा जोड काढायचा, कापलेला पत्रा सांधायचा. बोल्ट सोडायला जावयालाच खाली घातलं गेलं, लेकीच्या हुकमावरून. या खेपेला त्याने जुनी पँट आणली होती. बोल्ट उलटा फिरवून त्याने दोनदा हात सोलून घेतला.

"डावीकडे, जावईबापू. नळ सोडता तसं. की दुकानात नळ उघडूनही बघत नाही?"

"दुकानात पाणी नसतं, बाबा. नुसते नळ असतात," गाडीखालून उत्तर आलं.

मिस्तरीला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. तेवढ्याने त्याचं मत बदललं असं नाही. माणूस कुचकामी तो कुचकामीच. फक्त सकाळपासून मिस्तरीने टॉर्च एकदाही जावयाच्या हातात दिला नव्हता, स्वतःच धरला होता आणि जावयाच्या डोळ्यांत पडू दिला नव्हता.

शेवटचा बोल्ट घट्ट झाला न झाला तोच लेकीचा फोन वाजला. कुठेतरी घोडीचं पोट फुगलं होतं. तिने बूट चढवले, गाडी सुरू केली आणि "येते" म्हणून निघूनही गेली. गॅरेजच्या दारात दोन पुरुष काळ्या हातांनी उभे राहिले.

"मला न्यायचं विसरली," जावई म्हणाला.

"सुट्टीच्या दिवशी बस नसते," मिस्तरी म्हणाला. खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून त्याने किक मारली. "बसा. आणि हात माझ्या शर्टाला लावू नका."

गाव ओलांडेपर्यंत जावई मागे अंग चोरून बसला होता. मग खड्डा आला आणि त्याने सासऱ्याचा खांदा दोन्ही हातांनी गच्च धरला. मिस्तरीने मागे वळून एक जळजळीत नजर टाकली. पण वेग कमी केला.