शैलाच्या रोट्ट्या दाजीबानपेठेत

हुबळी स्टेशनाबाहेर माझी मावसबहीण शैला दोन टोपल्या घेऊन उभी होती. "अण्णा, एक तुम्ही धरा की. धारवाडला घरी मागनं जाऊ, आधी दाजीबानपेठ."

टोपल्यांत दोनशे खडक रोट्ट्या (ज्वारीच्या पातळ, पापडासारख्या कडक भाकरी) होत्या. तिथल्या एका कापडव्यापाऱ्याकडे साखरपुडा होता. रोट्ट्या पसंत पडल्या, तर लग्नाचं काम मिळणार; नाहीतर धंदा बंद, असं ती सासूबाईंना कबूल करून बसली होती.

रिक्षात मी विचारलं, "नवऱ्याचा पगार आहे, सासूबाईंची पेन्शन आहे. मग हा खटाटोप कशाला?"

"वीस वर्षं लोक माझी रोट्टी खातात आणि म्हणतात, कुलकर्ण्यांच्या घरची रोट्टी. घर काय तव्यापुढं बसतं, अण्णा?"

व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरात टोपली उघडली आणि तिचा चेहरा उतरला. धूळ बसू नये म्हणून तिच्या नवऱ्याने रोट्ट्या गरम असतानाच प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या होत्या. वाफ धरून सगळ्या मऊ पडल्या होत्या. यजमानीणबाईंनी एक उचलली. ती हातावर लोंबली.

"कापड आम्ही विकतो, अक्का," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "तुम्हीपण रुमालच आणलात होय?"

बायका खळखळून हसल्या. शैला मात्र पदर खोचून चुलीपुढे बसली. "तवा द्या. पंगत मांडा."

मंद आचेवर एकेक रोट्टी ती फडक्याने दाबत होती. भाजक्या ज्वारीचा वास दिवाणखान्यात पोचला. मी वाढायला धावलो, दोन बोटं पोळली. एणगाई (भरली वांगी), शेंगाचटणी, लोणी आणि तव्यावरून उतरलेली, कटकन मोडणारी रोट्टी! पहिली पंगत उठेना, तर दुसरी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून खाऊ लागली.

"लग्नालापण इथंच बसून भाजायचं," यजमानीणबाईंनी फर्मावलं. "तुमचं नाव काय म्हणालात?"

"शैला," ती म्हणाली. आडनाव तिने सांगितलंच नाही.

बायका गरजेपोटी धंदा काढतात, असं मी आजवर धरून चाललो होतो. धारवाडच्या बसमध्ये रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन बसलेल्या शैलाकडे पाहताना ते मला फार अपुरं वाटलं. लग्नाच्या कामाची बातमी तिने फोनवर सासूबाईंना सांगितली होती. आम्ही घरी पोचलो, तेव्हा त्या पुढच्या खोलीतली आपली खाट मुलाकडून सरकवून घेत होत्या.

"अजून थोडी," त्या त्याला म्हणत होत्या. "दुसरी शेगडी कुठं ठेवेल ती?"