न झालेल्या सामन्यातल्या बाई

आमच्या पी.टी.च्या बाईंवर अन्याय झाला तो सामन्याच्या चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला. तारीखही मला पाठ आहे, पण ती सांगून उपयोग नाही, कारण कागदोपत्री त्या दिवशी तो सामना झालेलाच नाही. वीसेक वर्षांपूर्वी, आशियाई स्पर्धेच्या आधी, भारताच्या महिला फुटबॉल संघाचा एक मैत्रीपूर्ण सामना पुण्यात ठेवला होता. बाकावर शेवटची एकच राखीव खेळाडू उरली होती. प्रशिक्षकांना तिची दया आली. ‘जा, तूही खेळून घे, आपल्याच गावात आहेस,’ असं म्हणून त्यांनी तिला आत सोडलं. ती सहा मिनिटं धावली. नंतर कुणीतरी कागद काढून मोजलं, तेव्हा ठरलेल्या संख्येपेक्षा एक बदली खेळाडू जास्त भरली. बदल्या मर्यादेबाहेर गेल्या की तो सामना आंतरराष्ट्रीय म्हणून धरत नाहीत, असा नियम. तेव्हा सगळा सामनाच यादीतून पुसला गेला. देशासाठी खेळूनही कधीच न खेळलेली बाई अख्ख्या पुण्यात ही एकच. स्वतःला एकमेव समजणाऱ्यांची आमच्या शहरात काय गर्दी आहे ते मला माहीत आहे, तरीही हे विधान मी पूर्ण शुद्धीत करतेय.

आम्हाला शाळेत यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शाळा शनिवार पेठेतली, मैदान म्हणजे दोन इमारतींमधली चादरी वाळत घालायची जागा, आणि त्या जागेत बाई आम्हाला फुटबॉल शिकवायच्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची आणि ती शाळा सुटली तरी उतरायची नाही. मंडईत भाजीवाल्यानं वजनात हात मारला की एक छोटी शिट्टी, रिक्षावाला ‘नाही येत’ म्हणाला की एक लांब. पर्समध्ये एक पिवळं आणि एक लाल कार्ड. लक्ष्मी रस्त्यावर उलट्या दिशेनं स्कूटर घालणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी भर दुपारी पिवळं कार्ड दाखवलं होतं, मी बाईंच्या गाडीवर मागे बसले होते. गृहस्थ म्हणाले, ‘अहो बाई, मी रोज इथूनच जातो.’ बाई म्हणाल्या, ‘म्हणजे चुकायचा सराव चांगला झालाय आपला. आता सामन्यात बरोबर खेळा.’ ते गृहस्थ स्कूटर हातानं ढकलत वळले. वाहतूक पोलिसाला जे जमत नाही ते बाईंना पुठ्ठ्याच्या तुकड्यानं जमायचं.

पण त्यांची खरी गंमत वेगळीच होती. निदान आम्ही तिला गंमत समजायचो. बाई कुठेही शेवटच्या म्हणून आत शिरायच्या नाहीत. लिफ्टमध्ये एका माणसाची जागा असली तरी ‘तुम्ही व्हा पुढे, मी जिन्यानं येते’ म्हणून पाच मजले चढायच्या. लग्नाच्या पंगतीला बसण्याआधी वाढप्याला विचारायच्या, ‘मोजलीत का पानं? मी जास्तीची नाही ना?’ वर्गाच्या फोटोला हमखास फोटोग्राफरच्या बाजूला उभ्या. सहलीच्या बसमध्ये हजेरी तीनदा घ्यायच्या आणि स्वतःला मोजायला तीनदा विसरायच्या. मी गॅदरिंगला त्यांची नक्कल केली होती. स्टेजवर खडूनं लिफ्टचं दार काढून, ‘मोजलंत का? मोजलंत का?’ म्हणत. हॉल हसला. पहिल्या रांगेत बसून बाईही हसल्या. त्या हसण्याचा मला आज संताप येतो. त्यांचा नाही, माझा.

खरं कळलं ते याच महिन्याच्या सुरुवातीला. मी आता पत्रकं छापणाऱ्या मंडळींत असते. विश्रांतवाडीतलं एक मैदान मुलींसाठी राखून ठेवावं म्हणून आम्ही सह्या गोळा करत होतो. शाळेनं कंत्राट वाढवलं नाही म्हणून बाई तिकडेच राहायला गेल्यात आणि रोज सकाळी त्या मैदानावर वस्तीतल्या तीस-एक मुलींना शिकवतात. आमच्या ओरड्यामुळे तिथे प्रशिक्षकाची एक जागा मंजूर झाली. अट एकच घातली: अर्जदार आंतरराष्ट्रीय खेळाडू हवा. आणि ही अट पुरी करणारं कुणी मिळालं नाही, तर मैदान चालवायला एका खाजगी मंडळाला द्यायचं. तिथे जाळी लागणार, तासावर भाडं लागणार, आणि या तीस जणी जाळीच्या बाहेर राहणार. हे ऐकून मी बाईंच्या घरी तणतणत गेले, तेव्हा त्यांनी चहा ठेवता ठेवता सांगितलं, ‘मी खेळले होते एकदा. पण ते धरत नाहीत.’

ती जागा भरणाऱ्या कचेरीतल्या साहेबांच्या टेबलासमोर मी एकटीच गेले, बाई यायला तयार नव्हत्या. साहेबांनी आंतरराष्ट्रीय खेळाडूंची यादी पाहिली. म्हणाले, ‘नाव नाही.’

‘नाव कसं असेल? सामनाच यादीत नाही.’

‘मग झालं तर.’

‘अहो, पण सामना झाला! पुण्यात झाला! मैदान भरलं होतं!’

‘ताई, सामना नाही, तर त्यात त्या खेळल्या कुठून? अंगणात मी पण खेळलोय.’

‘लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय.’

‘मग आणा की लोकांना,’ साहेब म्हणाले आणि शिपायाला चहा सांगितला. माझ्यासाठी नाही. चहा येईपर्यंत मी हलले नाही, म्हणून शेवटी वैतागून म्हणाले, ‘पाहणाऱ्या दहा जणांची लेखी निवेदनं आणा, महिनाअखेरपर्यंत. विशेष बाब म्हणून फाइल वर पाठवतो. पुढचं माझ्या हातात नाही.’

मला वाटलं, बाई खूश होतील. बाई कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. ‘हे नको करूस,’ म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच यादीत नाही. त्या संघातल्या तीन मुलींचा देशासाठी तो एकमेव सामना होता. त्यांना पुढे स्पर्धेला नेलं नाही, नंतर कधी बोलावलंच नाही. त्यातली गोलरक्षक बाईंची मैत्रीण. बातमी कळली त्या दिवशी ती म्हणाली, ‘तू उतरली नसतीस तर माझं नाव लागलं असतं.’ ती पुन्हा बोलली नाही. बाई दर दिवाळीला तिला पत्र टाकतात. उत्तर येत नाही. ‘तिचं काय चुकलं?’ बाई मलाच विचारत होत्या. ‘मी आत गेले आणि सगळ्यांचं गेलं.’

मी ताडकन म्हणाले, ‘तुम्हाला मोजायचं काम होतं का? कोट घालून बसलेले होते ना तिथे मोजायला? पाठवणारे घरी गेले, विसरले, निवृत्त झाले, आणि वीस वर्षं लिफ्ट सोडून जिने तुम्ही चढताय!’

‘आवाज कमी कर, खाली मालक आहेत,’ बाई म्हणाल्या.

आता पुन्हा आशियाई स्पर्धा आलीय आणि आपल्या मुलींचे मैत्रीपूर्ण सामने चालू आहेत. पेपरात कोपऱ्यात दोन ओळी येतात. बाई मात्र एकही सोडत नाहीत. मागच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होते. मोबाइल डब्याला टेकवलेला, शेजारी वाटीत नियमात बसणाऱ्या बदल्यांइतकेच चिंचोके. एक खेळाडू बदलली की एक चिंचोका वाटीतून बाहेर. कोण जिंकतंय याच्याशी बाईंना देणंघेणं नव्हतं. मी म्हटलं, ‘बाई, मैत्रीपूर्ण तर आहे, एवढं काय?’ तर म्हणाल्या, ‘मैत्री कुणाची गं? जी रोज खेळते तिच्यासाठी हा सराव. जी बाकावर आहे तिची स्पर्धा हीच.’

वाटी रिकामी झाली. आणि तेवढ्यात पडद्याच्या कडेला आणखी एक मुलगी अंगावरचं जाकीट काढून उड्या मारायला लागली. बाई उठून उभ्या राहिल्या. ‘बस! बस की आता! अरे मोजा रे कुणीतरी!’ घराला आग लागावी तशा ओरडत होत्या. रेषेवरच्या पंचानं हातातला कागद पाहिला, मान हलवली, त्या मुलीला थांबवलं. तिनं जाकीट परत घातलं, चेन वरपर्यंत ओढली आणि जाऊन बाकावर बसली. ‘वाचली,’ बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. बराच वेळ चिंचोके गोळा करत राहिल्या. मग अगदी हळू, मला नव्हे, मोबाइलला म्हणाल्या, ‘उतरायचं होतं गं तिला.’

त्या संध्याकाळी त्या अर्जावर सही करायला तयार झाल्या. अट घातली की त्या दिवशी मैदानात उतरलेल्या प्रत्येकीचं नाव अर्जात हवं, गोलरक्षकाचं पहिलं, त्यांचं शेवटी. मी तसंच लिहिलं.

निवेदनं आजवर चार मिळाली आहेत. आणखी सहा हवीत, महिना संपायच्या आत. तेव्हा वीसेक वर्षांपूर्वी त्या दुपारी ज्या कुणी पुणेकरांनी उन्हात रुमाल डोक्यावर टाकून पायऱ्यांवर बसून तो सामना पाहिला असेल, मी तुमच्याशी बोलतेय. शेवटची सहा मिनिटं आठवा. आपल्या बाकाकडून एक काटकुळी मुलगी आली होती, शर्ट एवढा मोठा की बाह्या दोनदा दुमडलेल्या. तिनं चेंडूला दोनदा पाय लावला. पहिल्यांदा पास बरोबर गेला, दुसऱ्यांदा चेंडू रेषेबाहेर. तुम्ही कदाचित हसला असाल, कदाचित तोवर स्कूटर काढायला उठलाही असाल. उठला नसाल तर कागद घ्या आणि लिहा. तिची दया येऊन ‘तिनं गोल मारला’ असं लिहू नका, मारला नव्हता. तिला धावताना पाहिलं, एवढं लिहा, खाली स्वतःचं नाव घाला, आणि सकाळी साडेसहाला विश्रांतवाडीच्या मैदानावर स्वतः घेऊन या.