उलट्या पिळाचं दावं

आमचं बौद्ध दीक्षा घेतलेलं घर. अंगात येणं, करणी, भानामती यातलं काही आमच्याकडे मानत नाहीत आणि मीही मानत नव्हते. आजही मानते असं नाही... पण तिगावच्या घरात जे झालं ते जवळजवळ चाळीस वर्षं मनात ठेवलं आहे. मुलगी मासिकातले असे अनुभव वाचून दाखवते. मी चौथी शिकलेली, चार माणसांत बोलायची मला लाज वाटते, म्हणून हे वहीतच लिहिते.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. माझा अनिल तेव्हा तेरा वर्षांचा, डावखुरा. अंबाडीचा दोर तो फार छान वळायचा, पण डाव्या हातानं वळत असल्यामुळे त्याचा पीळ उलटा जायचा. त्या दोराला पुढे आपण जोड द्यायला गेलो की तो उकलून यायचा. गावात तसा दोर दुसरं कोणी वळत नव्हतं.

आणि तेच नडलं. एका संत्र्याच्या बगीच्यातून मोटारीची तांब्याची वायर चोरीला गेली. गठ्ठा रेल्वे लाइनीजवळच्या झुडपात सापडला. त्याला बांधलेला दोर ताजा, अंबाडीचा वास येत होता. कोतवालानं तो हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा पीळ डावऱ्या अनिलचाच व्हय. आंधळाबी सांगन."

चोरी भर दुपारी झाली होती. त्या वेळी अनिल माझ्यासमोर बसून जेवत होता. मी सौंसरच्या कोर्टात पदर डोक्यावर घेऊन तसं सांगितलं. पण आईचं कोण ऐकतं? पोराला रिमांड होममध्ये पाठवलं. आगगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

महिनाभरानं, संत्र्याच्या तोड्यावरून मी दुपारी घरी आले. दाराची कडी बाहेरून लागलेली. मागं बकरी बांधलेली होती... पण तिच्या गळ्यात नवं दावं होतं. सकाळी जुनं, कुजकं होतं. मी हात लावून पाहिलं. पीळ उलटा. आत आढ्याला टांगलेली अंबाडीची जुडी अर्धी झाली होती. आणि दाव्यात, गळ्याशी येतो तेवढ्या भागात, माझ्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ वळलेला होता. ते लुगडं पेटीच्या तळाशी होतं.

पहिला संशय आला तो अनिल पळून आल्याचा. मी कडब्यामागं पाहिलं, माळ्यावर पाहिलं, हळू आवाजात हाकाही मारल्या. दुसरा संशय नवऱ्यावर. ते पांढुर्ण्याहून संत्र्याच्या पेट्या ठोकायच्या कामावरून संध्याकाळी आले.

"तुमी वळलं का हे?"

"म्या? मले तं उजव्या हातानंबी धड वळता येत नाई." मग त्यांचा चेहरा उतरला. "पोट्टा पळून आला काय वं? तू लपवून तं नाई रायली?"

"तुमीच लपवून रायले असान!"

असे आम्ही एकमेकांकडे चोरासारखे पाहत होतो. सोमवारी रिमांड होमचे चौकशीचे साहेब घर पाहायला येणार होते. त्यांच्या रिपोर्टावर पोराची सुटका होती. पळून आला असं ठरलं तर सगळंच संपलं.

"जाळून टाक ते दावं," नवरा म्हणाला.

पण शेजारच्या शेवंताबाईनं कुंपणावरून पाहिलंच होतं. "काय वो अनिलची माय, पोरगं घरी आलं वाटते? पीळ वळखते मी." मी नाही म्हटलं तर आवाज खाली करून म्हणते, "मंग हे साधं नोय, बाई. जामसावळीच्या देवळात घेऊन जाय ते दावं, बाधा उतरवाले." मी नेलं नाही. जाळलंही नाही. धान्याच्या कोठीत दडवलं.

सोमवारी साहेब आले. मी दाराआड उभी. नवरा सारखा "नाई साहेब, काई नाई साहेब" म्हणत होता. शेवंताबाई आज ना उद्या बोलणारच होती. मला काय झालं माहीत नाही... मी कोठीतून दावं काढलं आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे पोराच्या हातचं दिसते. पण पोरगा तं तुमच्यापाशी हाय."

साहेबांनी दोर उलटासुलटा करून पाहिला. "लड़का वहीं है, बाई. पूरा महीना हाज़िरी में है. मैंने कल खुद देखा." मग म्हणाले, "मतलब ऐसी रस्सी कोई और भी बटता है."

त्या एका वाक्यावर माझा पोरगा सुटला. दावं साहेब कोर्टात घेऊन गेले, ते परत आलं नाही.

अनिल घरी आला. जेवता जेवता सहज म्हणाला, "आई, नवं दावं कुठं गेलं? त्यात हिरवा काठ टाकला होता न, बकरीच्या गळ्याले टोचू नाई म्हणून."

"कधी टाकला?"

"तिथंच. दुपारी सगळे निजायचे, मी नुसते हात फिरवत बसो. मनातल्या मनात दावं वळो."

मी नवऱ्याला विचारलं, तुम्ही सांगितलं का त्याला? ते म्हणाले, "हिरवा काठ? कोणता?" त्यांनी तर नीट पाहिलंही नव्हतं.

उलट्या पिळाचा दुसरा माणूस गावात कधीच सापडला नाही. अनिल आता नातवंडांचा आजा आहे, सरळ माणूस आहे. मी त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. कारण दावं जर तसं वळलं गेलं असेल, तर वायरीच्या गठ्ठ्याचा तो ताजा दोर...?

मी कोर्टात खोटं बोलले नव्हते. त्या दुपारी तो माझ्यासमोरच जेवत होता. उजव्या हातानं, मी लावलेल्या सवयीनं. डावा हात मांडीवर होता. तो हात काय करत होता, ते मी पाहिलं नव्हतं.