विहीर पुजायची राहिली होती

देवीवर माझी श्रद्धा होती की नाही, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. भांडण मात्र होतं. दोन मुलगे माझ्या पोटी आले आणि दोन्ही महिन्याच्या आत गेले, तेव्हापासून देव्हाऱ्यासमोर उभी राहिले की हात जुळण्याआधी माझं तोंड सुटायचं. वज्रेश्वरी आमचं कुळदैवत. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी तिचा चांदीचा टाक दाखवून "ही आपली आई" असं सांगितलं होतं. मी तिला म्हणायचे, आई आहेस तर आईसारखी वाग. सासूबाईंच्या कानावर हे पडलं की त्या म्हणत, "देवाशी असं बोलू नये गो, जीभ झडंल." ती काही झडली नाही आणि बोलायचीही थांबली नाही.

आम्ही मूळचे आचोळ्याचे, खाडीकाठी भातशेती करणारे. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली असतील. त्या साली भाद्रपदातल्या उधाणाला आमच्या शेताचा बांध फुटला आणि खारं पाणी थेट ओटीवर आलं. उभं भात गेलं, मातीच्या भिंती बसल्या, आणि खारं पाणी एकदा मुरलं की त्या जमिनीत पुढची काही वर्षं धड पीक येत नाही. मला तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेले होते. यांनी चार ठिकाणी शब्द टाकला. सांडोरला एका मालकाची केळीची वाडी पडून होती, मालक मुंबईला राहायचा. अर्धेलीने, निम्मं उत्पन्न मला देऊन, वाडी करा आणि वाडीतल्या घरात राहा, असं तो म्हणाला. घर कौलारू, पडवी ऐसपैस, विहीर बारमाही. इतकं चांगलं घर रिकामं का, हे यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते आमच्याच घरावरून म्हणत असावेत.

सांगितलं ते शेजारच्या मारीमावशीने. ख्रिस्ती बाई, आडव्या बांध्याची, बोलायला लागली तरी हातातलं काम थांबवणारी नव्हे. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हाच ती पिकल्या केळ्यांची फणी घेऊन आली, माझ्या पोटाकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "बाय, त्या विहिरीचं पानी भरू नको. आमच्या विहिरीवर ये," ती म्हणाली. मग सगळंच बाहेर आलं. या घरात दोघे सख्खे भाऊ राहायचे. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, रहाट एकच, आणि आज पाणी कुणाच्या केळीला यावरून भर दुपारी त्यांची जुंपली. थोरल्याने धाकट्याच्या डोक्यात कुदळ घातली. "रहाटाशीच पडला गो तो. 'पानी, पानी' करत होता. मानसं धावली नि रगत बघून मागं फिरली. तोंडात थेंब घालायला पन कोन थांबलं नाय." थोरला तुरुंगात गेला आणि तिथेच तापाने वारला. पुढे वाडी विकली गेली. तेव्हापासून दुपार भरली की तो रहाट आपोआप करकरतो आणि ते ऐकून इथे कुणी टिकत नाही, असं सांगून मावशीने छातीवर क्रूस काढला.

मी यांना म्हटलं, परत जाऊ. हे म्हणाले, "कुठं?" मी सामान लावायला घेतलं.

करकर मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऐकली. जेवणं आटोपून मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. केळीचं पान हलत नव्हतं. रहाटाला गाडग्यांची माळ नव्हती, रेडा जुंपलेला नव्हता, आणि तरी रहाट करकरला, सावकाश, कुणी दमलेला माणूस ओढतोय तसा. माझ्या मांडीवरचं सूप खाली पडलं. हे म्हणाले, जुनं लाकूड आहे, उन्हाने आवाज करतं. म्हणाले खरं, पण नवी माळ चढवून रेडा जुंपायला गेले तर रेडा रहाटाच्या चाकोरीत पाऊल टाकीना. मारलं, चुचकारलं, गूळ दाखवला, तो मान हलवून मागेच सरे. शेवटी मारीमावशीच्या घरच्यांनी त्यांच्या पाटातून थोडं पाणी आमच्या केळीला सोडलं, आणि आमची विहीर तशीच राहिली, काठोकाठ भरलेली.

मला रहाटाची भीती नव्हती, पोटातल्या जिवाची होती. मी देव्हाऱ्यासमोर उभी राहून म्हटलं, आधीचे दोन नेलेस तेव्हा घरात भूत नव्हतं, आता तर तेही आहे. त्याला माझ्या घरातून काढ, नाहीतर तुझ्यापुढे दिवा लावणार नाही. आणि खरंच लावला नाही. सासूबाई मुकाट्याने लावत राहिल्या.

माघात मुलगी झाली. नाकीडोळी छान, आवाज खणखणीत, सासूबाई तर हरखून गेल्या. पण मला दूध येईना. शतावरी झाली, अळीव झाले, खसखशीची खीर झाली. पहिले दोघेही असेच सुकत गेले होते, म्हणून मला सगळं आधीच दिसत होतं. मारीमावशीच्या शेळीचं दूध पाणी घालून कापसाच्या वातीने तिच्या ओठांवर पिळायचे, त्यातलं निम्मं ती ओकून टाकायची. दहा दिवसांत तिच्या रडण्याचा आवाज बसला. मोठ्याने रडणारं मूल बरं असतं, हे ज्यांनी बारीक रडणं ऐकलंय त्यांनाच कळेल.

आमच्यात बाराव्या दिवशी बाळंतीण विहीर पुजते. हळदकुंकू, खण, नारळ, भिजवलेले हरभरे, बरोबर सवाष्णी, आणि शेवटी बाळंतिणीने आपल्या दुधाचे दोन थेंब विहिरीत सोडायचे. विहिरीला जसं पाणी आटत नाही तसं हिचं दूध आटू नये, ही त्यातली मागणी. आता आमच्या विहिरीवर पाऊल कोण ठेवणार? सासूबाईंनी तोड काढली, मारीमावशीची विहीर पुजायची. मावशीला केवढा आनंद! तिने विहिरीचा कठडा धुतला, स्वतः सवाष्ण म्हणून उभी राहिली, आणि मी हळदकुंकू वाहिलं तेव्हा तिने तिच्या देवाचंही नाव घेतलं. थेंब सोडायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे होतं काय! सासूबाईंनी पदराआडून वाटी काढली आणि शेळीच्या दुधाचे दोन थेंब विहिरीत सोडले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, तर त्या कानाशी म्हणाल्या, "गप ऱ्हा. दूध ते दूध." एवढ्या दुःखातही मला हसू आलं. दूध मात्र आलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारची ती दुपार. पोर सकाळपासून डोळे उघडत नव्हती. हे वसईला डॉक्टरांना आणायला गेले होते आणि सासूबाई देव्हाऱ्यापुढे बसून होत्या. मी पडवीत मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. मी मनात एवढंच म्हटलं, आई, मला आता काही समजत नाही, तुला जे करायचं ते कर. त्यात भक्ती नव्हती, थकवा होता. तेवढ्यात रहाट करकरायला लागला.

आणि केळीतून एक म्हातारी येताना दिसली. कपाळ मोकळं, अंगावर विटकं लुगडं, हातात काठी, पाय धुळीने माखलेले. ती घराकडे आली नाही. रहाटाकडे तोंड करून जागच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "आले रे बाला. थांब जरा. आले." करकर थांबली. मी आणि सासूबाई दोघींनी ते ऐकलं, म्हणून लिहितेय. एकटीने ऐकलं असतं तर भ्रम म्हणून सोडून दिलं असतं.

मग ती पडवीशी आली. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने घेतला नाही. "कंच्या विहिरीचं?" तिने विचारलं. सासूबाईंनी मारीमावशीचं नाव सांगितलं. "नि बाळंतिनीनं विहीर कंची पुजली?" पुन्हा तेच उत्तर. म्हातारी पायरीवर बसली. "ज्या विहिरीच्या कुशीत घर, तिला इचारलंच नाय व्हय गो तुमी? तिचा काय दोष? तिनं काय कुदळ घातली?" सासूबाईंनी हळूच विचारलं, तुम्ही कोण? तर ती म्हणाली, "त्या दोघांची आई."

दोन भावांची गोष्ट आम्हाला सगळ्यांनी सांगितली होती, पण त्यांना आई होती हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या घटनेनंतर तिचा भाऊ तिला चिंचोटीला घेऊन गेला होता, तिथेच ती राहत होती. तिने कळशी आणि दोर मागितला. माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरीला घे नि चल माज्यासंगं." मी सासूबाईंकडे पाहिलं. विधवा बाई आणि विहीरपूजन, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडणारी नव्हती. पण त्या उठल्या, हळदकुंकवाचा करंडा घेतला आणि आमच्या पुढे चालू लागल्या.

म्हातारीने कळशी सोडली. पहिली कळशी काढून तिने रहाटाच्या पायथ्याशी, एका ठरावीक जागी, हळूहळू ओतली, जणू कुणाच्या तोंडात घालतेय. "पी रे. पोटभर पी," म्हणाली. दुसरी कळशी काढली ती त्याच्याच शेजारी ओतली. "नि तू पन पी. तू पन माजाच." आणि मग ती रडायला लागली. रडता रडता सांगत होती की धाकल्यासाठी रडले तर थोरल्याला शाप लागंल, थोरल्यासाठी रडले तर धाकला म्हनंल आई त्याची झाली, म्हनून एवढी वर्सं मी रडलेच नाय गो. सासूबाईंनी तिला कुशीत घेतलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली. माझे दोघे गेले तेव्हा मी देवीवर चिडले होते, पोटभर रडले नव्हते, ते सगळं त्या दिवशी त्या कठड्यावर वाहून गेलं. मी हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्या कळशीचं पाणी म्हातारीने ओंजळीने मला पाजलं. गोड पाणी होतं. थेंब सोडायला मी नुसता हात पुढे केला आणि माझ्या लक्षात आलं की माझी चोळी भिजली आहे.

मुलगी पहिल्यांदा चुकत चुकत, मग घट्ट धरून प्यायली. हे डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा ती पिऊन झोपली होती. डॉक्टर म्हणाले, बाळंतिणीला धक्का बसला, मन मोकळं झालं की कधी कधी दूध उतरतं असं. तसं असेल. शतावरीनेही उशिरा गुण दिला असेल. मी कुणाशी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने रेड्याचा कासरा हातात घेतला आणि त्याच्यापुढे स्वतः चाकोरीत एक फेरा चालली. रेडा तिच्यामागून गुमान गेला. मग माळ फिरली, पाटाला पाणी आलं, आणि त्यानंतर आमचा रहाट इतका वेळ करकरायचा की त्यातली कुठली करकर कुणाची, हे शोधायची सोयच राहिली नाही.

ती निघताना मी तिला विचारलं, आमच्याकडे बाळ आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? ती म्हणाली की इथे यायच्या आदल्या दिवशी तिच्या भावाच्या दारात एक बाई जोगवा मागायला आली होती, कपाळभर कुंकू, हातात परडी. ही तांदूळ घालायला गेली तर ती बाई म्हणाली, "सांडोरला तुज्या दारात तान्हं उपाशी हाय, नि तू हितं काय करतेस?" मी शेजारपाजारी चौकशी केली. आमच्या बाजूने तशी जोगवा मागणारी कुणी गेलेली नव्हती. बाजारात कुणाच्या तोंडून तिने ऐकलं असेल, असं हे म्हणाले. सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. त्या संध्याकाळी दिवा मी लावला.

मुलगी मोठी झाली, सासरी गेली, आता तिची मुलं मला वेडावून दाखवतात. म्हातारी पुढे अधूनमधून यायची, माझ्या मुलीचं डोकं मांडीवर घेऊन उवा बघत बसायची आणि तिला आपल्या दोघांच्या लहानपणच्या खोड्या सांगायची, कोण झाडावरून पडला, कुणी कुणाच्या वाटचा गूळ खाल्ला. ऐकता ऐकता त्या घरातले ते दोघे मला पोरं वाटू लागले. मी देवीला म्हटलं होतं, त्याला माझ्या घरातून काढ. तिने त्याला काढलं नाही, त्याच्या आईला आणून दिलं. मला हे सुचलं नसतं. देवीपाशी मी अजून मागते, मागायची सवय काही सुटत नाही. फक्त कसं द्यायचं, ते तिला शिकवायला जात नाही.