वही मिटणाऱ्या काकी

काकी तासाला लिहीत नसत. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्ही सगळे माना खाली घालून सरांच्या तोंडचा शब्द न् शब्द उतरवत असू, आणि पहिल्या बाकावर ही चाळिशीतली बाई हाताची घडी घालून सरांकडे बघत बसलेली असे. मधेच एखादा शब्द टिपायच्या की मान पुन्हा वर. मला आधी वाटलं, यांना भरभर लिहिता येत नसावं.

नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या. सकाळी कॉलेज, दुपारी दुसरी पाळी. बारावी त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून काढलेली. मी काष्टीहून नगरला आलेली, हॉस्टेलवर राहणारी, शाळेत कायम पहिली. माझ्या वह्या बघायला मुली यायच्या. तीन रंगांची पेनं, पट्टीनं आखलेले समास आणि पुस्तकात पानोपानी पिवळं हायलायटर.

तास सुटला की आम्ही कँटीनकडे पळायचो. काकी जिन्याच्या पायरीवर बसत, पुस्तक मिटून बाजूला ठेवत आणि नुकतंच ऐकलेलं आठवून आठवून स्वतःच्या शब्दांत कागदावर काढत. जे आठवलं नाही तिथं तेवढी जागा मोकळी. मग तो कागद घेऊन सरांना गाठत. "सर, हितं काय तरी ऱ्हायलंय बघा." सरही थांबून सांगत. दुसऱ्या दिवशी तास सुरू होण्याआधी त्यांचे ओठ हलताना दिसत. कालचं सगळं मनाशी म्हणून बघणं चाललेलं असे.

पहिल्या चाचणीत मी अर्थशास्त्रात नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदाच. त्याच जिन्यावर रडत बसले होते. काकींनी माझी वही मागून घेतली, चाळली.

"अक्षर लई देखणं हाय गं तुझं." मग वही मिटून मांडीवर ठेवली. "आता सांग, ह्यात काय हाय?"

घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत मी दोन पानं भरून लिहिला होता. तोंडातून एक वाक्य निघेना.

"उन्हातनं आल्यावर पयला तांब्या कसा जिवात जीव आनतो? दुसरा बरा वाटतो. चौथा कुनी दिला तर आपन नको म्हनतो. पानी तेच, पर दर तांब्याला त्याची गोडी कमी व्हत जाती. हेच की!" पुस्तकाची पिवळीधमक पानं बघून त्या हसल्या. "पुस्तकाला हळद लावून ते आपलं व्हत न्हाई, पोरी. हात चालला की कान बंद व्हत्यात. आदी ऐक."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी बसू लागले. ऐकताना हात आवरायला मला महिना लागला.

दुसऱ्या वर्षी, परीक्षा दहा दिवसांवर आलेली असताना, काकींची पिशवी शेअर रिक्षात राहिली. वर्षभराचे सगळे कागद तिच्यात. रिक्षा सापडली नाही. मी माझ्या वह्या घेऊन झेरॉक्सला निघाले, तर त्यांनी मला थांबवलं. "कागद गेल्यात. अब्यास कुटं गेलाय?" सलग चार सकाळी त्या वाचनालयात कोरे कागद घेऊन बसल्या. पाचव्या दिवशी मी त्यांचं लिखाण माझ्या वहीशी ताडून पाहिलं. दोन मुद्दे त्यांच्याकडे होते आणि माझ्याकडे नव्हते. त्या बाईच्या डोक्यात वर्ष अख्खंच्या अख्खं उभं होतं.

तिसऱ्या वर्षी कारखान्यानं त्यांना सकाळच्या पाळीत टाकलं. कॉलेजला येणं सुटलं. त्यांनी बहिःस्थ परीक्षेचा फॉर्म भरला. मी माझ्या वह्या घेऊन नागापूरला त्यांच्या खोलीवर गेले, तर त्यांनी हातही लावला नाही.

"वाचलं तर मला एकटीलाच कळंल. तू सांगितलंस तर दोगींना कळंल. रविवारी येत जा."

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी लहानपणाचं सांगितलं. त्या खर्ड्याकडच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यांच्याबरोबर ही पोर. चार-पाच महिने शाळा बुडायची. परत आल्यावर शेजारची मैत्रीण पाटीवर काही न लिहिता सगळा बुडालेला अभ्यास तोंडी सांगायची. "तिनं एकदा सांगितलेलं परत सांगाय तिला येळ नसायचा. मग काय करती? ऐकायला शिकले."

वर्षभर रविवारी मी तिथं गेले. काकी चपात्या लाटत ऐकायच्या आणि मधेच लाटणं थांबवून विचारायच्या, "असं का?" त्या दोन शब्दांसाठी मी आठवडाभर तयारी करायचे.

निकाल लागला. अर्थशास्त्रात काकींना माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त होते. मी कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमननं आत निरोप दिला. डोक्यावर कापडी टोपी, हाताला पुठ्ठ्याची धूळ, अशा त्या धावत आल्या. मी त्यांचे मार्क सांगितले.

"आन तुला?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यापायी तुझा येळ गेला व्हय गं?"

"काकी, तुमच्यामुळं तर पास झाले."

त्यांनी टोपी काढून डोळे पुसले, माझ्या गालावरून तो धुळकट हात फिरवला आणि त्या आत गेल्या. मशिनी चालू होत्या.

आता मी स्वतः शिकवते. दर जूनला समोर नवा वर्ग बसतो. हुशार मुलं पुष्कळ असतात. पण तसं ऐकणारं माणूस माझ्यापुढं पुन्हा बसलेलं नाही.