लाइन गेली आणि मी डीपीची राखण केली

रविवारी सकाळी आमच्या लोधिवलीत लाइन गेली. आणि मी, घरी इंग्रजीची ट्यूशन घेणारी बाई, चक्क डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, खुर्ची टाकून राखण करत बसले...

सांगते. आदल्या रात्रीच्या वाऱ्यानं आंब्याची फांदी कुठेतरी तारेवर पडली होती. आमचा वायरमन अन्वरभाई आला, त्यानं डीपीचं हँडल खाली ओढून वीज तोडली आणि इकडेतिकडे बघायला लागला. त्याचा जोडीदार दुसऱ्या गावी गेलेला, पेटीचं कुलूप मोडलेलं, आणि डीपी नेमकी आमच्या कुंपणाला लागून.

"वैनी, जरा बसा हितं. मी वर हाय तोवर कुणाला हात लावू देऊ नका," असं म्हणून त्यानं आपल्या मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. ही वायरमन लोकांची पद्धत. खांबावर चढलेला माणूस स्वतः येऊन किल्ली मागेल, तेव्हाच हँडल वर करायचं. मधे कुणी कितीही निरोप आणू दे... नाही म्हणजे नाही.

बसले. मोबाइलला रेंज नाही, टॉवरचंही बोंबललेलं. मग काय, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं ऐकत बसले... आणि अगं बाई, 'लाइन' हा एवढासा शब्द आमच्या गावात किती घरची धुणी धुतो!

आमच्या आळीतले तात्या थांबले. नातू चौक गावातल्या गॅरेजात चिकटला म्हणून खूश होते, "लाइनीला लागला एकदाचा." मोठा मुलगा ट्रकवर आहे, तो "लाइनवर गेलाय", म्हणजे थेट इंदूरला. समोर घराचा पाया काढणारे गवंडी एकमेकांवर खेकसत होते, लाइन चुकली रं, दोरी परत ताण. कॉलेजच्या दोन पोरी "लय लाइन मारतो गं तो" करत आल्या, आणि मला बघून एकदम शहाण्या झाल्या!

माझं माहेर नाशिकचं. आमच्या घरात 'लाइट गेली' म्हणायचे, इथे सून होऊन आले तर सगळ्यांच्या तोंडी लाइन. मी विचार करत बसले, असं का असेल? आम्हाला घरातला दिवा दिसला म्हणून आम्ही लाइट म्हटलं असेल, इथल्या लोकांनी शेतावरून गेलेली तार बघितली असेल... कुणास ठाऊक. कुणाला खरं कारण माहीत असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा.

एवढ्यात शेजारच्या उषाकाकी धावत आल्या. त्यांच्या सोनलचा त्या दिवशी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, वायफाय बंद, पोरगी घरात रडकुंडीला आलेली. वर्षभर धडपडतेय ती नोकरीसाठी, मला माहीत आहे, इंग्रजी माझ्याकडेच पक्कं करून घेतलंय तिनं.

"अगं, कर ना हँडल वर! मी सोता बघितलं, अन्वर खांबावरून उतरला. काम झालंय."

मी उठले. खोटं कशाला बोलू, हँडलवर हात ठेवलाही. काकी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत, आणि सोनलचा चेहरा डोळ्यांसमोर होता... पण दुसऱ्या मुठीत ती किल्ली होती. मी हात काढून घेतला.

"काकी, तो स्वतः येऊ दे."

"तू काय वायरमन झालीस का गं? माझ्या पोरीची नोकरी जाईल!"

"जाऊ दे," माझ्या तोंडून निघून गेलं. मला लगेच वाईट वाटलं, पण मी तिथून हलले नाही. काकी जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. माझ्या माहेरापर्यंत पोचल्या, एवढंच सांगते. मीही काही कमी तोंडाची नाही, पण त्या दिवशी किल्ली घट्ट धरून परत खुर्चीत बसले.

बराच वेळ गेला. मग अन्वरभाई आला, पण गावाच्या बाजूनं नाही, काजूच्या बागेमागून. शर्ट घामानं चिंब, हात ओरखडलेले. आला तो सरळ माझ्यापुढे हात करून उभा राहिला, "किल्ली."

काकी म्हणाल्या, "कवाच उतरलास ना रं तू? मी बघितलं."

"उतरलो काकी. त्या खांबावर कायच नव्हतं. फांदी बागेतल्या खांबापाशी अडकलेली. आत्तापर्यंत तितंच होतो, तार हातात धरून."

काकी मटकन खालीच बसल्या, मातीत. हँडलवर ठेवलेल्या त्या हाताकडे मी बघत राहिले. अन्वरभाईला आम्ही काहीच सांगितलं नाही, पण आमची तोंडं बघून तो समजला असावा. माझ्याकडून किल्ली घेऊन त्यानं हँडल वर केलं. घराघरांतून पोरांचा एकच ओरडा, "आली आली!"

सोनलनं उशिरा का होईना, इंटरव्ह्यू दिला. समोरचे भले होते, थांबले. निकाल यायचाय. काकी मात्र त्या धावपळीतही आधी अन्वरभाईसाठी चहा घेऊन आल्या. कप त्याच्या हातात दिला. "तुझी अम्मी काय म्हणाली असती रं मला," एवढंच बोलल्या आणि पदर तोंडाला लावला.

काल दुपारी परत लाइन गेली. एरवी मी ओट्याशी उभी राहून चिडचिड करते, मिक्सरमधलं वाटण अर्धं राहिलं म्हणून. काल बाहेर आले, तर काकी आधीच कुंपणापाशी उभ्या होत्या. लाइन कधी येणार, हे त्यांनी विचारलंच नाही.

"वर कोण चढलंय गं?" म्हणाल्या.